३० एप्रिलचं महाशिबिर की दर मंगळवारी थोडे थोडे दाते? लॉकडाउनमधल्या रक्तदानाचा एक प्रकरण अभ्यास

(गाव, मंडळ आणि रक्तपेढी यांची नावं दिलेली नाहीत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी त्या काळात संबंधित रक्तपेढीच्या शिबिर विभागात काम करत होतो.)

पार्श्वभूमी

एप्रिल २०२१. पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. साखर कारखाना, दोन कॉलेजं, मोठा आठवडी बाजार आणि एक जुनं गणेशोत्सव मंडळ. हे मंडळ दरवर्षी गणपतीत आणि शिवजयंतीला रक्तदान शिबिर घ्यायचं. रक्त आमच्या रक्तपेढीकडे यायचं. रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी, एका विश्वस्त संस्थेची.

महाराष्ट्रात रक्ताचा साठा बराचसा शिबिरांवर चालतो. आणि शिबिरं चालतात कॉलेजं, कारखाने, जयंत्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि उत्सवांवर. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात कडक निर्बंध लागले आणि हे सगळे झरे एकदम आटले. कॉलेजं तर आधीपासूनच बंद होती. ठरलेल्या शिबिरांचे फोन एकामागून एक यायला लागले, "सर, यंदा राहू द्या."

रक्ताची मागणीही खाली आली होती, हे इथे सांगायला हवं. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया रुग्णालयांनी पुढे ढकलल्या होत्या. पण बाळंतपणातला रक्तस्राव, अपघात, कॅन्सरचे आणि डायलिसिसचे रुग्ण, यातलं काहीच पुढे ढकलता येत नाही. आणि थॅलेसेमियाच्या मुलांचं तर अजिबात नाही. त्यांच्या शरीरात तांबड्या पेशी नीट तयार होत नाहीत. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवलं, तरच हिमोग्लोबिन टिकतं. आमच्या रक्तपेढीकडे अशी चाळीसेक मुलं नोंदलेली होती. त्यांच्यासाठीच महिन्याला शंभरच्या आसपास पिशव्या लागायच्या.

अडचण

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका नऊ वर्षांच्या मुलीला तारखेला रक्त मिळालं नाही. तिचा गट ए पॉझिटिव्ह, म्हणजे दुर्मीळ वगैरे मुळीच नाही. तरी त्या दिवशी फ्रीजमध्ये त्या गटाच्या मोजक्या पिशव्या उरल्या होत्या आणि त्या प्रसूतीच्या तातडीसाठी राखून ठेवलेल्या. मुलीला दोन दिवसांनी यायला सांगितलं. तिचे वडील शेजारच्या जिल्ह्यातून मोटारसायकलवर तिला घेऊन आले होते. एसटीच्या फेऱ्या तुरळक. त्यांनी काही वाद घातला नाही. "साहेब, दोन दिवसांनी नक्की मिळेल ना, तेवढं बघा," एवढंच म्हणाले. मुलगी बाकावर आडवी झाली होती. हिमोग्लोबिन उतरलं की ही मुलं खेळायची थांबतात, मग बोलायची थांबतात. त्यांच्या आयांना रिपोर्ट पाहावा लागत नाही.

हे मंडळाच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं. रात्री त्यांचा फोन आला. "सर, तुम्ही फक्त हो म्हणा. तीस तारखेला दोनशे पिशव्या काढून देतो."

तीस एप्रिलच का? कारण १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू होणार होतं आणि त्या वेळच्या नियमानुसार लसीच्या शेवटच्या डोसनंतर २८ दिवस रक्त देता येत नव्हतं. कोविशील्डच्या दोन डोसांमध्ये तेव्हा सहा ते आठ आठवड्यांचं अंतर होतं. दोन्ही डोस पुरे होऊन वर २८ दिवस धरले, तर जुलै उजाडणार, असा हिशोब सगळीकडे फिरत होता. 'लस घेण्याआधी रक्तदान करा' ही हाक राज्यभर दिली जात होती आणि ती चुकीची नव्हती. तरुण दाते एकदम तीन महिने हातचे जाणार, ही भीती रक्तपेढ्यांनाही होती.

समोर असलेले पर्याय

२२ एप्रिलला मंडळाचे चौघे, आमचे रक्तसंक्रमण अधिकारी डॉक्टर, एक तंत्रज्ञ आणि मी अशी व्हिडिओ कॉलवर बैठक झाली. चार पर्याय समोर आले.

महाशिबिर हा पहिला. मंडळाकडे मागच्या शिबिरांची दाता कार्डं होती, त्यावरून १८० च्या आसपास नावं निघत होती. मंडळातल्या पोरांचा उत्साह दांडगा. एकाने वाफेचं मशीन आणि एन-९५ मास्क भेट द्यायची कल्पनाही मांडली.

दुसरा पर्याय बदली रक्तदात्याचा, म्हणजे पिशवी हवी असेल तर नातेवाइकांनी दाता आणायचा. आमच्या डॉक्टरांनी तो तिथेच बाजूला सारला. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त विनामूल्य आणि बदल्यात काही न मागता द्यायचं असतं. दर पंधरा दिवसांनी नवा दाता आणणारं घर असतं तरी कुठे?

तिसरा पर्याय दात्यांना गाडीने रक्तपेढीत आणायचा. सुरक्षित खरा, पण अंतर साठ किलोमीटरच्या वर आणि गाडीत निम्मीच माणसं बसवायची मुभा.

चौथा, म्हणजे दर आठवड्याला थोडे थोडे दाते घ्यायचा, तंत्रज्ञाने सुचवला. ही बाई बैठकीत पहिला अर्धा तास गप्प होती. तिने विचारलं, "दोनशे पिशव्या एका दिवशी घेतल्या, तर मी त्या द्यायच्या कधी?"

पहिला निर्णय: एकदम की टप्प्याटप्प्याने

तिचा मुद्दा समजून घ्यायला रक्ताचं आयुष्य माहीत असावं लागतं. साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं. पेशी वेगळ्या काढून पोषक द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. म्हणजे ३० एप्रिलला घेतलेल्या तांबड्या पेशी फार तर ११ जूनपर्यंत. शिवाय थॅलेसेमियाच्या मुलांना शक्यतो ताजं रक्त द्यायचं असतं, दोन आठवड्यांच्या आतलं. जुन्या पिशवीतल्या पेशी शरीरात कमी दिवस टिकतात, मग मुलाची पुढची तारीख अलीकडे येते. मेच्या मध्यानंतर त्या दोनशेतली उरलेली पिशवी तिच्या दृष्टीने दुय्यम होती.

दुसरी गोष्ट याहून मोठी. पुरुषाने एकदा रक्त दिलं की ९० दिवस थांबायचं, बाईने १२०. गावाने ३० एप्रिलला सगळं देऊन टाकलं, तर २९ जुलैपर्यंत त्या गावात मागायला माणूसच नाही. लसीमुळे जे होईल अशी भीती होती, तेच आपण शिबिराने आपल्या हाताने करणार होतो.

अध्यक्षांना हे लगेच पटलं नाही. त्यांचं म्हणणंही मी कमी लेखणार नाही. ते म्हणाले, "सर, माणूस एकदा मनात धरतो तेव्हाच येतो. पुढच्या महिन्यात कोण आजारी, कोण क्वारंटाइन, काही सांगता येत नाही. आज आहेत ते घ्या." शिबिरं भरवणाऱ्या माणसाचा हा अनुभव आहे आणि तो खरा आहे. गर्दीचा एक जोर असतो. मित्र चालला म्हणून मित्र येतो. यादीतल्या तारखेवर एकट्याला बोलावलं की तो जोर जातो.

अर्धा-पाऊण तास चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं. २७ एप्रिलपासून दर मंगळवारी सकाळी ८ ते १२, तासाला सहा-सात दाते, आधी वेळ ठरवून. मंगळवार अशासाठी की पिशव्यांच्या तपासण्या, म्हणजे एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया, बुधवारी उरकतात आणि गुरुवारपासून पिशवी देता येते. मुलांच्या तारखा आम्ही शुक्रवार-शनिवारकडे सरकवल्या. १ मेला ज्यांची लस नक्की होणार होती, त्यांना पहिल्या मंगळवारी घ्यायचं. बाकीच्यांना गटाप्रमाणे पुढे.

भेटवस्तू नको, हेही तिथेच ठरलं. डॉक्टरांनी कारण साध्या शब्दांत सांगितलं: वस्तूसाठी आलेला माणूस फॉर्मवरच्या प्रश्नांना खोटी उत्तरं देऊ शकतो, आणि लागण नवी असेल तर ती तपासणीत निसटू शकते. वाफेच्या मशीनचे पैसे मंडळाने नंतर गावच्या कोविड सेंटरला दिले.

दुसरा निर्णय: जागा आणि चहा

लग्नांना तेव्हा २५ माणसं आणि दोन तासांची मर्यादा होती, त्यामुळे मंगल कार्यालय रिकामंच पडलं होतं. तहसीलदारांची परवानगी आणि पोलीस ठाण्याला पत्र, दोन्ही एका दिवसात झालं. दात्याला नाकाबंदीवर दाखवायला मोबाईलवर रक्तपेढीचा संदेश पाठवायचा, ही युक्ती मंडळातल्या एका शिक्षकाची. चार दिवसांत लोकांना ती इतकी पाठ झाली की पोलीसच विचारायचे, "मंगळवारवाले का?"

चहाचा प्रश्न मात्र अवघड गेला. दान झाल्यावर दात्याला पंधरा-वीस मिनिटं बसवायचं, काहीतरी खायला-प्यायला द्यायचं, हा नियम. पण चहा-बिस्किटाला मास्क खाली येतो आणि टेबलाभोवती माणसं जमतात. पहिल्या मंगळवारी आम्ही टेबलच ठेवलं नाही. बिस्किटाचा पुडा आणि फळांच्या रसाची पेटी हातात द्यायची, "घरी जाऊन खा."

दहाच्या सुमारास एक विशीतला मुलगा पिशवी देऊन थेट गेटवर गेला. गाडीला किक मारायला पाय उचलला आणि तिथेच खाली बसला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाचे थेंब. आमच्या परिचारिकेने त्याला आडवं केलं, पाय दोन विटांवर वर घेतले, शर्टाचं वरचं बटण सोडलं. दोन-तीन मिनिटांत त्याने डोळे नीट उघडले. "सकाळपासून काय खाल्लंस रे?" तिने विचारलं. "काही नाही, आई नको म्हणत होती, म्हणून तसाच निघून आलो."

गाडी चालू झाली असती तर? त्यानंतर कार्यालयाच्या उघड्या व्हरांड्यात सहा-सहा फुटांवर खुर्च्या लागल्या, केळं आणि सरबत तिथेच, आणि घड्याळात पंधरा मिनिटं झाल्याशिवाय गाडीची किल्ली परत नाही. किल्ल्या ठेवायला एक परात आणि तिच्याजवळ मंडळाचे एक काका. कोरोनाच्या भीतीपोटी रक्तदानाचा जुना नियम मोडायचा नाही, त्याला मोकळ्या हवेत न्यायचं, एवढाच तो बदल होता.

प्रत्यक्षात काय घडत गेलं

यादीतल्या माणसांना फोन करायचं काम एका आशाताईंनी अंगावर घेतलं. त्या खरं तर रक्त द्यायला आल्या होत्या. त्यांची लस आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर कधीच झालेली, नियमाने काही अडत नव्हतं. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडतात. हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो सरळ खाली जातो. त्यांचा थेंब थोडा बुडाला, मध्येच थांबला आणि वर आला. "परत एकदा बघा ना ताई," त्या म्हणाल्या. दुसरा थेंबही वर आला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. वर्षभर घरोघरी गर्भवतींना याच गोळ्या वाटणारी ही बाई! त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "मग मला दुसरं काम द्या."

त्यांनी फोनवर जे केलं ते आमच्या कार्यालयातून झालं नसतं. दात्यांच्या आयांशी त्या बोलायच्या. "वहिनी, पोराला आधी भाकरी खाऊ घाला, मग पाठवा. अशक्तपणा येत नाही, दोन दिवस उन्हात राबू देऊ नका म्हणजे झालं." घरात कोण पॉझिटिव्ह आहे, कोणाला खोकला आहे, कोण नुकता आजारातून उठलाय, हे त्यांना माहीत असायचं आणि तसं त्या नाव पुढे ढकलायच्या. बोलावलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त यायचे. त्यातले काही रक्तदाब किंवा हिमोग्लोबिनवर परत जायचे.

रमजानचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. रमजान १४ एप्रिललाच सुरू झाला होता. पहिल्या यादीत पेठेतली पंधरा-वीस मुलं होती. त्यांच्यातल्या एकाने फोनवर सांगितलं, "रोजा सुटल्यावर रात्री चालत असेल तर लगेच येतो." रात्री संचारबंदी, त्यामुळे ते शक्य नव्हतं. पण पुढे मंगळवार शिल्लक होते. १४ मेला ईद झाली आणि १८ मेच्या मंगळवारी ही मुलं आली. त्या दिवशी उपस्थिती सगळ्यांत चांगली होती. ३० एप्रिलला एकच शिबिर झालं असतं तर ती यादीतून गळलीच असती.

प्लाझ्माच्या, म्हणजे कोरोनातून बरे झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाच्या, मागणीने मात्र सगळ्यांना फार दमवलं. एप्रिलअखेर व्हॉट्सअ‍ॅपवर 'प्लाझ्मा डोनर हवा' याशिवाय दुसरं काही नव्हतं. आशाताईंच्या फोनवर रात्री बारालाही नातेवाईक रडत बोलायचे. गावात प्लाझ्मा काढायची सोय नव्हती. त्यासाठी जिल्ह्याला जाऊन आधी अँटिबॉडी तपासायची आणि मग यंत्रावर बसायचं. बरे झालेल्या काही जणांनी तेही केलं. १७ मेला आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) कोरोनाच्या उपचारातून प्लाझ्मा वगळला आणि ते फोन हळूहळू थांबले. पण त्या गदारोळात साध्या रक्ताची हाक बुडून गेली होती. लोकांना वाटायचं, रक्त म्हणजे आता प्लाझ्माच.

काय निष्पन्न झालं

ज्या भीतीवर महाशिबिराची तारीख ठरणार होती, ती भीती तशी खरी ठरली नाही. १ मेला लसीकरण सुरू झालं, पण लसच अपुरी होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात राज्याने १८ ते ४४ गटाचं लसीकरण तूर्त थांबवून साठा ४५ वर्षांवरच्यांकडे वळवला. मे महिन्यातच रक्तदानासाठीची मुदतही २८ दिवसांवरून प्रत्येक डोसनंतर १४ दिवसांवर आली. तरुण दाते हातचे गेले नाहीत. हे एप्रिलमध्ये कोणालाच कळणं शक्य नव्हतं, म्हणून त्याचं श्रेय आमच्या निर्णयाला देता येणार नाही. पण लसीकरण वेळेवर झालं असतं तरी मंगळवारांचा आराखडा चालला असता, कारण लस घेणारे आधीच पुढे घेतले होते.

जूनच्या मध्यापर्यंत हे मंगळवार चालले. आकडा दोनशेला लागला नाही. त्याच्या बराच खाली राहिला. अध्यक्षांना याची चुटपुट होती आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली. दुसरीकडे, मेच्या पहिल्या आठवड्यानंतर आमच्याकडच्या एकाही थॅलेसेमियाच्या मुलाला तारीख चुकवून परत जावं लागलं नाही आणि या गावातून आलेली एकही पिशवी मुदत संपून फेकावी लागली नाही. तंत्रज्ञ सोमवारी सांगायची, "उद्या ए जास्त पाठवा, बी भरपूर आहे," आणि आशाताई तसे फोन लावायच्या. इकडे बी आणि ओ पॉझिटिव्ह गटाचे दाते मुबलक. मोठ्या शिबिरात तेच सर्वांत जास्त येतात आणि ए किंवा एबीची वेळ आली की धावाधाव होते.

पुन्हा अशी वेळ आली तर

महाशिबिराला सरसकट नकार हा धडा मी यातून काढणार नाही. बॉम्बस्फोट, रेल्वे अपघात अशा प्रसंगी पहिल्या काही तासांत जे रक्त वापरलं जातं ते आधीच तपासून फ्रीजमध्ये ठेवलेलं असतं. त्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्यांचं रक्त तपासणी होऊन पुढच्या दिवसांत कामी येतं. लॉकडाउनचं संकट मात्र महिनोन्महिने चालणारं होतं. बैठकीत आम्ही आधी तारखेवर वाद घातला. संकट किती दिवसांचं आहे, हा प्रश्न खूप उशिरा निघाला, तोही तंत्रज्ञाने काढला म्हणून. अशा बैठकीत फ्रीज सांभाळणाऱ्या माणसाला पहिल्यांदा बोलू द्यावं.

बायकांच्या बाबतीत आम्ही कमी पडलो. हिमोग्लोबिनवर परत गेलेल्यांमध्ये त्याच जास्त होत्या. त्यांची नावं लिहून घेतली, गोळ्या दिल्या, पण तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला कोणी बोलावलं नाही. आशाताईंनी स्वतःहून काहींचा पाठपुरावा केला. ते रक्तपेढीने आणि आरोग्य केंद्राने मिळून करायला हवं होतं.

आणि यादी. हा मुद्दा अजून पुरता मिटलेला नाही. मंडळातल्या कोणीतरी चांगल्या हेतूने दात्यांची गटनिहाय यादी, फोन नंबरांसकट, एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. तीत एक ओ निगेटिव्ह तरुण होता. आठवडाभर त्याला नागपूरपासून नाशिकपर्यंतचे फोन येत राहिले. त्यातले काही रक्त घेऊन विकणाऱ्या दलालांचे असावेत, असा त्याचा संशय होता. त्याने आमच्याकडे येऊन नाव काढून टाकायला सांगितलं. म्हणाला, "मी रक्त देईन सर, पण माझा नंबर कोणाला देऊ नका." तेव्हापासून यादी फक्त रक्तपेढीत राहते, मंडळाकडे नावं असतात पण गट नसतो, आणि बाहेरच्या मागणीचा फोन आधी आमच्याकडे येतो. यामुळे मंडळाचे हात बांधले जातात, अशी त्यांची तक्रार आहे. रात्री-अपरात्री रक्तपेढीचा फोन कोणी उचलला नाही तर काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. सध्या त्यावर उपाय म्हणून मंडळातल्या दोघांना, दात्यांची लेखी संमती घेऊन, फक्त निगेटिव्ह गटांची वेगळी यादी दिली आहे. त्या तरुणाने संमती दिली. त्याची पुढची तारीख आता तोच आम्हाला कळवतो.